माणसाइतकी हवा

नोव्हेंबरात माकाया बसली की आमच्या फिनाले गावात कुणी कुणाशी फार बोलू नये हे बरं. समुद्रावरून ओलं, कोमट, करडं वारं येतं आणि आठ-आठ दिवस हलायचं नाव घेत नाही. कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं, भिंतींना घाम फुटतो. चांगल्या माणसाचं डोकं फिरतं, मग ज्याच्या नाकावर बारा महिने राग त्याचं तर विचारूच नका. लिबेरो गिलियात्सा हा त्यातला.

कोटाच्या भिंतीला लागून खेचरांचा जुना तबेला आहे, त्यात त्याचं वर्कशॉप. काम एकच. डोंगरातल्या सायकलींचे मागच्या चाकाचे, धक्के झेलणारे शॉक खोलायचे, धुवायचे, हवा अडवणारी रबरी सीलं बदलायची, तेल आणि हवा भरून परत द्यायचे. ब्रेक नाही, पंक्चर नाही. कुणी पंक्चर घेऊन आलंच तर तो नुसती हनुवटी उडवून समोरची गल्ली दाखवायचा. पण शॉकच्या कामात त्याचा हात धरणारा सबंध किनाऱ्यावर कुणी नव्हता. जर्मन, चेक, स्विस माणसं वर्षभर आमच्या दगडांवरून आपटत उतरायची आणि मग खोक्यात घालून शॉक लिबेरोकडे पाठवायची. आतलं तेल माकुळाच्या शाईसारखं काळं निघायचं. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला शिव्या घालायचा आणि काम मात्र देवपूजेसारखं करायचा.

शॉक म्हणजे वीतभर लांबीची वस्तू. एका नळीत दुसरी नळी, आत स्प्रिंग नाही, नुसती कोंडलेली हवा. माणूस सायकलवर बसतो तो त्या हवेवर बसतो. म्हणून धंद्यातला अंदाज सोपा आहे. जितके पौंड माणूस, तितके पौंड हवा, थोडं इकडेतिकडे. आणि नियम त्याहून सोपा. शॉक आला की पहिल्यांदा हवा मोजायची, चिठ्ठीवर आकडा लिहायचा, आणि काम झालं की तेवढीच हवा भरून परत करायचा. गिऱ्हाईक जाड झालं का बारीक, त्याची चौकशी आपण करायची नाही. हा नियम लिबेरोने तीस वर्षांत एकाच माणसाच्या बाबतीत मोडला होता. ओत्तावियोच्या.

ओत्तावियो त्याचा मेहुणा, धाकट्या बहिणीचा, नीवेसचा नवरा. त्याआधी जिवाचा दोस्त. वर डोंगरात ओत्तावियोचं गाव ओर्को, तिथल्या जंगलात दोघांनी फावडी-कुदळी घेऊन पंचवीस वर्षं वाटा काढल्या. ओत्तावियो धिप्पाड, हसरा, मोठ्या तोंडाचा. चौऱ्याऐंशी किलो वजन, तिशीपासून काट्यावर तसूभर फरक नाही. एकशेपंच्याऐंशी पौंड हवा. हा आकडा लिबेरो झोपेतही सांगू शकला असता.

त्याला चार वर्षं होत आली. मार्चमध्ये एका खडकाळ उतारावर ओत्तावियोच्या शॉकमधली सगळी हवा एका क्षणात गेली. मागचं चाक खाली बसलं, ओत्तावियो हँडलवरून उडाला आणि गळ्याचं हाड मोडून घेतलं. शॉक दोनच आठवड्यांपूर्वी लिबेरोच्या हातून गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याने तो एकट्याने उघडला. सीलवर चीर होती. नखाच्या कोरीएवढी, पण चीर. सील बसवताना त्याची पोलादी सळई घसरली होती, आणि ती कधी घसरली तेही त्याला आठवलं. 

संध्याकाळी बाचीचाच्या बारमध्ये हात गळ्यातल्या झोळीत घालून ओत्तावियो बसला होता. सगळं गाव तिथे जमलेलं. त्याने सरळ विचारलं, "काय रे, काय निघालं आत?"

लिबेरोने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "काही नाही. सील ठणठणीत आहे. हवा तूच कमी ठेवली असशील."

"मी? हवा कमी?" ओत्तावियोचा चेहरा लाल झाला. "अरे, तुझी सीलं म्हणजे चाळणी! शेवया गाळायच्या लायकीची!"

बार हसला. लिबेरो उठून गेला तो परत त्या बारची पायरी चढला नाही. चिरलेलं सील त्याने खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवलं आणि डबी खणात मागे ढकलली. पोलादी सळई फेकून दिली आणि ऑलिव्हच्या लाकडाची नवी घासून घेतली. नीवेसला बजावलं, "शॉक आणायचा तर आण. तू माझी बहीण आहेस. पण त्या माणसाबद्दल एक अक्षर माझ्यासमोर काढायचं नाही." बाचीचाने रस्त्यात एकदोनदा "अरे, तुझा मेहुणा..." म्हणून सुरुवात केली, तर लिबेरोने हात वर करून त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. मग लोकांनीही नाद सोडला. आमच्याकडे माणसं कुरकुरतात खूप, पण मागे लागत नाहीत.

आणि दर नोव्हेंबरला शॉक मात्र येत राहिला.

या वर्षीही आला. मंगळवारी सकाळी नीवेस पावाची कागदी पिशवी टेबलावर ठेवून उभी राहिली. तिच्या केसांत एवढं पांढरं कधी आलं हे लिबेरोच्या मनात आलं, पण माकायात सगळीच माणसं करडी दिसतात, असं म्हणून त्याने ते झटकलं.

"घाई नाही," ती म्हणाली.

"घाई असती तरी माझ्या वेळेनेच झालं असतं."

ती थोडा वेळ थांबली. दर वर्षी थांबायची तशीच. त्याने मान वर केली नाही, तशी ती गेली.

त्याने पंप लावला. एकशे बावीस.

"हरामखोर!" लिबेरो मोठ्याने म्हणाला.

कारण गेल्या वर्षी त्याने तो शॉक एकशेपंच्याऐंशी भरून पाठवला होता. त्याच्या आदल्या वर्षीही तेवढाच, त्याच्या आदल्या वर्षीही. आणि दर वेळी शॉक परत यायचा तो कमी हवा घेऊन. पहिल्या वर्षी तो घाबरला होता. परत गळलं, परत माझ्याच हातून, असं त्याला वाटलं होतं. सगळी सीलं नवी घातली आणि आकडा पूर्ववत केला. दुसऱ्या वर्षी दुप्पट महागाची सीलं. तिसऱ्या वर्षी त्याने नळी काचेसारखी घासली, भिंगातून तपासली. कुठे काही सापडलं नाही. गळतीच असणार, दुसरं काय? ज्याने एकदा चोरून ठेवलंय त्याला पुढे सगळीकडे तीच चोरी दिसते, तसं त्याचं झालं होतं.

पण या वर्षी भीतीच्या जागी संताप आला. त्याने शॉक न उघडता तसाच पाण्याच्या बादलीत बुडवला आणि तीन दिवस ठेवला. येता-जाता वाकून बघायचा. एक बुडबुडा नाही. शुक्रवारी मोजलं, तर एकशे बावीस होते तसेच. म्हणजे हवा गळत नव्हती. कुणीतरी झडप दाबून मुद्दाम सोडत होतं.

त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, असं त्याला वाटलं. 'हवा तूच कमी ठेवली असशील' हे शब्द त्याचेच होते ना? तेच ओत्तावियो दर वर्षी पिशवीत घालून परत पाठवत होता. हे घे, ठेवली कमी हवा, गप्प बस आता! चार वर्षं हा माणूस वर ओर्कोत बसून आपल्याला खिजवतोय आणि आपण इथे भिंग लावून चिरा शोधतोय. लिबेरोने डोक्यात राख घालून घेतली. शॉक तसाच पिशवीत कोंबायचा, वर जायचं आणि त्याच्या दारात आपटायचा, असं ठरवून त्याने तो फडक्याने पुसायला घेतला.

पुसता पुसता त्याचा अंगठा रिंगवर थांबला.

शॉकच्या आतल्या नळीवर रबराची एक बारीक रिंग असते. माणूस बसला की नळी आत जाते आणि रिंग तेवढी सरकून राहते. तिच्यावरून कळतं माणूस कुठवर बसतो ते. ओत्तावियोसारखं धूड एकशे बावीसवर बसलं असतं तर रिंग पार टोकाला जाऊन आदळली असती, नळीवर ओरखडे उठले असते, आतली रबरी गादी फाटली असती. इथे रिंग तिसऱ्या हिश्श्यावर होती. धुळीची रेघही तिथेच, बारीक, स्वच्छ. जिथे असायला हवी बरोबर तिथेच.

या शॉकवर बसणाऱ्याला एकशे बावीसच हवी होती.

लिबेरो उठला. जुन्या चिठ्ठ्या खिळ्याला टोचून ठेवायची त्याची सवय होती. त्याने ओत्तावियोच्या चिठ्ठ्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या. आला तेव्हाची हवा: एकशे सत्तर. एकशे पंचावन्न. एकशे चाळीस. आणि आता हे. जितके पौंड माणूस, तितके पौंड हवा. त्याने पेन्सिलीने किलो करून पाहिले. सत्त्याहत्तर, सत्तर, त्रेसष्ट. शेवटचा हिशेब करायला त्याचा हात धजेना. पंचावन्न. सहा फुटी ओत्तावियो पंचावन्न किलो.

देवा रे!

त्याने नीवेसला फोन लावला. "तुझ्या नवऱ्याचं वजन किती आहे?"

 "आज विचारतोयस?" ती म्हणाली.

"काय झालंय त्याला?"

"पोट. दोनदा कापलं. आता कापून उपयोग नाही, डॉक्टर म्हणाले." तिचा आवाज कोरडा ठणठणीत होता. "दर वर्षी येऊन उभी राहत होते ना तुझ्यासमोर? एक अक्षर काढायचं नाही, म्हणाला होतास. नाही काढलं."

"ये मला न्यायला," लिबेरो म्हणाला. ती यायला दीड तास होता. तेवढ्यात त्याने शॉक उघडला, सीलं बदलली, तेल भरलं. आयुष्यात त्याने इतकं सावकाश, इतकं नीट काम केलं नव्हतं. जाताना खणातली डबी खिशात टाकली.

नीवेसने गाडी वर ओर्कोकडे घातली. ऑलिव्हच्या झाडांखाली जाळी अंथरलेली होती आणि धुक्यात माणसं काठ्यांनी फांद्या झोडत होती. नुसता सपासप आवाज यायचा.

ओत्तावियो स्वयंपाकघरात चुलीपाशी खुर्चीत होता. लिबेरोने मनाची तयारी केली होती, तरी त्याला धक्का बसला. खुर्चीत नुसता कोट ठेवलाय आणि त्यावर कुणीतरी ओत्तावियोचं नाक चिकटवलंय, असं ते दिसत होतं. डोळे मात्र तेच, चार वर्षांपूर्वीचे.

"या, चाळणीवाले," ओत्तावियो म्हणाला. "रस्ता आठवला?"

"सायकल कुठाय?"

"मागे. का, विकत घेतोस?"

"शॉक बसवून हवा लावायची आहे. माणसाला बसवून लावतात हवा, अंदाजाने नाही. ऊठ. बूट घाल, हेल्मेट घाल, पाठीवरची पिशवी घे. सगळ्यासकट मोजायचं असतं."

"लिबेरो, वेडबिड लागलंय का तुला?" नीवेस ओरडली. "त्याला जिना चढवत नाही!"

"आण ग माझे बूट," ओत्तावियो म्हणाला. त्याच्या तोंडावर मजा उमटली होती.

अंगणात लिबेरोने शॉक बसवला. मग पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरून, हँडल दोन्ही हातांनी पकडून तो उभा राहिला. नीवेसने नवऱ्याला काखेत धरून वर चढवलं. हवा लावायची पद्धत हीच आहे. बसणारा आणि धरणारा समोरासमोर, तोंडासमोर तोंड. यात कुणाला दुसरीकडे बघता येत नाही. ओत्तावियोच्या श्वासाला औषधाचा वास येत होता.

"किती भरलीस?" ओत्तावियोने विचारलं.

"एकशे बावीस. आलेली तेवढी."

"जास्त आहे. ती उन्हाळ्यातली होती."

खरंच रिंग जेमतेम हलली होती. लिबेरोने त्याला उतरवलं, झडप दाबली. फुस्स. पुन्हा चढवलं. अजून जास्त. पुन्हा उतरवलं. दर वेळी ओत्तावियो अधिक जड श्वास घेत होता आणि दर वेळी हवा कमी करावी लागत होती.

"एक सांगू?" तिसऱ्यांदा चढल्यावर ओत्तावियो म्हणाला. त्याची हाडकुळी बोटं लिबेरोच्या बोटांशेजारी हँडलवर होती. "पहिल्या वर्षी मी एकशे सत्तरवर पाठवला. म्हटलं, तोंडाने काही मी बोलणार नाही, पण याला हवा वाचता येते. आकडा बघेल आणि संध्याकाळपर्यंत दारात येईल. तर शॉक आला परत एकशेपंच्याऐंशी भरून! मी नीवेसला म्हटलं, बघ, कळलंय त्याला. तो म्हणतोय, वजन परत आण, मग बघू. त्या हिवाळ्यात मी खाल्लं रे, लिबेरो. उलट्या होईपर्यंत खाल्लं. तुझा आकडा गाठायला."

 हात सोडले तर सायकल पडली असती, म्हणून लिबेरोला डोळेही पुसता येईनात.

"मला वाटलं गळतंय," तो म्हणाला.

"काय?"

"मला वाटलं सील गळतंय. दर वर्षी वाटलं. कारण त्या वेळी... त्या वेळी सील चिरलेलं होतं, ओत्तावियो. माझ्या हातून. मी पाहिलं होतं, आणि बारमध्ये खोटं बोललो. डबी खिशात आहे माझ्या."

ओत्तावियो हसायला गेला आणि खोकला. "डबी राहू दे. नीवेसने मला त्याच वर्षी सांगितलं, तू लाकडी सळई केलीस म्हणून. चूक नसती तर हत्यार कशाला बदललं असतंस?" मग त्याचा चेहरा उतरला. "चार वर्षं, गाढवा. माझ्याकडे उरली होती तीच चार वर्षं."

 नीवेस पाठ करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

या तिसऱ्या वेळी रिंग बरोबर जागेवर आली. ओत्तावियोला आता स्वतःहून उतरता येईना. लिबेरोने त्याला दोन्ही हातांनी उचलून खाली घेतलं. तीस वर्षं या माणसाचं वजन तो आकड्यात धरत आला होता, हातात पहिल्यांदाच आलं. त्याने पंप लावून पाहिलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, एकशे आठ.

"आता बरोबर आहे," ओत्तावियो म्हणाला, जणू उद्या सकाळी उतारावर निघायचं आहे. मग म्हणाला, "हे बारमध्ये म्हण. खोटं सगळ्यांसमोर बोललास, तर खरंही सगळ्यांसमोर बोल. आणि मी आहे तोवर."

रविवारी दुपारी बार भरलेला असताना लिबेरो आत शिरला. बाचीचाच्या हातातला पेला तसाच राहिला. ओत्तावियोला येणं शक्य नव्हतं, म्हणून लिबेरोने फोन लावून काउंटरवर ठेवला, शेजारी डबी उघडून ठेवली, आणि सांगायला लागला. सील कुणी चिरलं, कसं चिरलं, कोण खोटं बोललं. मान खाली होती.

"मोठ्याने!" फोनमधून ओत्तावियोचा चिरका आवाज आला. "मागच्या टेबलाला ऐकू गेलं नाही!"

लोक हसले. लिबेरोने पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने सांगितलं. त्यानंतर तो रोज ओर्कोला जात राहिला. रोज म्हणजे एकोणीस दिवस.

जानेवारीत उत्तरेचा गार वारा सुटला आणि आकाश एकदाचं निळं झालं. नीवेस पावाची पिशवी घेऊन वर्कशॉपमध्ये आली. वाटा राखणाऱ्या मंडळींना ती सायकल देणार होती.

"दुसरं कुणी बसेल आता," ती म्हणाली. "तू म्हणतोस तसं, ज्याची त्याची हवा वेगळी. बघून दे."

लिबेरोने पिशवीतून शॉक काढला. सवयीने चिठ्ठी घेतली, पेन्सील घेतली, पंप लावला. काटा चढला आणि एकशे आठवर उभा राहिला. त्याने पंपाला टिचकी मारून पाहिली. काटा तिथेच. पंप काढून त्याने झडपेवर अंगठा ठेवला, पण ओत्तावियोची हवा त्याच्याने सोडवेना. नीवेसने हळूच विचारलं, "काय रे? गळतंय का?"

आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं, गळलं असतं तर फार बरं झालं असतं.

"नाही," तो म्हणाला. "जराही नाही."